जिब्राल्टरचे फाटक कोणाच्या हाती असावे?

जिब्राल्टर हे नाव आपल्याकडे बहुतेकांना शाळेतल्या भूगोलामुळे ठाऊक असते. भूमध्य समुद्राला अटलांटिक महासागराशी जोडणारी सामुद्रधुनी आणि तिच्या तोंडाशी उभा असलेला चुनखडीचा प्रचंड खडक, एवढीच ती ओळख असते. स्पेनच्या दक्षिण किनाऱ्याला चिकटलेला हा जेमतेम पावणेसात चौरस किलोमीटरचा भूभाग १७०४ पासून इंग्रजांच्या ताब्यात आहे. तेथे तीस हजारांहून अधिक लोक राहतात, आणि तीनशे वर्षे उलटून गेली तरी स्पेनने त्यावरचा आपला दावा सोडलेला नाही. या वादावर लिहिणारे बहुतेक जण खडक कोणाचा, या प्रश्नापासून सुरुवात करतात आणि तेथेच थांबतात. माझ्या मते त्या खडकाच्या पायथ्याशी असलेल्या सव्वा किलोमीटरच्या कुंपणाबाबतचे सरकारी धोरण अधिक महत्त्वाचे आहे, कारण तेथल्या माणसांचे रोजचे जगणे त्या कुंपणावर ठरते. ब्रिटनने सार्वभौमत्वाच्या बाबतीत जिब्राल्टरच्या लोकांना जो शब्द दिला, तो सीमेच्या बाबतीत कधीच दिला नाही, आणि हाच त्याच्या धोरणातला सर्वांत मोठा दोष आहे.

दोन्ही बाजूंचे कायदेशीर दावे ऐकायला भक्कम वाटतात, पण मुळात जाऊन पाहिले तर दोन्ही भगदाडांनी भरलेले आहेत. स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धात इंग्रज आणि डच आरमाराने ॲडमिरल जॉर्ज रूकच्या नेतृत्वाखाली ऑगस्ट १७०४ मध्ये हे ठाणे घेतले. ते घेतले तेव्हा इंग्लंडच्या नावाने नव्हे, तर स्पेनच्या गादीवर हक्क सांगणाऱ्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूक चार्ल्सच्या नावाने. पुढे १७१३ च्या उट्रेख्ट तहातील दहाव्या कलमाने स्पेनने शहर, किल्ला, बंदर आणि तटबंदी ब्रिटनला कायमची दिली. त्याच कलमात असेही लिहिले होते की, शेजारच्या स्पॅनिश मुलखाशी जमिनीवरून खुला व्यवहार असणार नाही, तेथे ज्यू आणि मूर (उत्तर आफ्रिकेतले मुसलमान) यांना राहू दिले जाणार नाही, आणि ब्रिटनला ही जागा कधी सोडावीशी वाटली तर पहिला हक्क स्पेनचा राहील. आज ब्रिटन या कलमातला ‘कायमचा’ हा भाग धरून बसतो, स्पेन ‘पहिला हक्क’ धरून बसतो, आणि ज्यू व मूर यांच्याविषयीचा भाग अर्थातच कोणी धरत नाही. त्यातच खडकाला स्पेनशी जोडणारी सपाट जमिनीची पट्टी तहात दिलीच नव्हती, असे स्पेनचे म्हणणे आहे. विमानतळ याच पट्टीवर आहे आणि १९०९ च्या सुमारास ब्रिटनने उभारलेले कुंपणही तेथेच आहे. म्हणून स्पेन आजही त्या रेषेला सीमा म्हणून मान्यता देत नाही. अठराव्या शतकातल्या राजांनी एकमेकांशी केलेल्या या व्यवहारातून एकविसाव्या शतकातल्या माणसांचे भवितव्य वाचू पाहणे मला मुळातच अयोग्य वाटते.

मराठी वाचकाचा पहिला कल या वादात स्पेनकडे झुकला, तर ते समजण्यासारखे आहे. आपल्या किनाऱ्याला लागून असलेली, समुद्रापलीकडच्या सत्तेने शतकानुशतके धरून ठेवलेली भूमी म्हटली की आपल्याला गोवा आठवतो. सालाझारच्या पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून आपल्या वसाहतींना ‘सागरपार प्रांत’ म्हणायला सुरुवात केली. नाव बदलले म्हणून गुलामी संपत नाही, हे गोमंतकीयांनी आणि १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोळ्या झेलणाऱ्यांनी साऱ्या जगाला दाखवून दिले. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय सैन्य गोव्यात शिरले ते योग्यच होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. परंतु गोव्याचे उदाहरण जिब्राल्टरला लावताना एक गोष्ट विसरली जाते. सालाझारने गोवेकरांना काय हवे, हे कधीही विचारले नाही, आणि विचारू पाहणाऱ्यांना तुरुंगात टाकले. जिब्राल्टरच्या लोकांना मात्र विचारण्यात आले. १० सप्टेंबर १९६७ रोजी झालेल्या सार्वमतात १२,१३८ मते ब्रिटनशी नाते ठेवण्याच्या बाजूने पडली आणि स्पेनच्या बाजूने फक्त ४४. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने हे सार्वमत अमान्य केले आणि स्पेनच्या प्रादेशिक अखंडतेचा मुद्दा वरचढ मानला. वसाहतवादाविरुद्ध उभ्या राहिलेल्या देशांची तेव्हाची भावना मला समजते, तरीही तो निर्णय चुकीचा होता असेच मी म्हणेन. वसाहतवादाला विरोध करण्याचे कारणच मुळी हे होते की, लोकांना न विचारता त्यांच्यावर राज्य केले जात होते. तो विरोध लोकांना न विचारता त्यांना दुसऱ्या सत्तेच्या हवाली करण्यासाठी वापरला, तर त्याचा पायाच निखळतो.

त्याच १९६७ च्या जानेवारीत गोव्यातही जनमत कौल झाला होता, हे येथे सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळा केंद्रशासित प्रदेश म्हणून राहायचे, या प्रश्नावर १,७२,१९१ जणांनी वेगळे राहण्याच्या बाजूने आणि १,३८,१७० जणांनी विलीनीकरणाच्या बाजूने मत दिले. महाराष्ट्रात अनेकांना तो निकाल जिव्हारी लागला. भाषा, संस्कृती, भूगोल, दैवते असे सगळे दुवे आपल्या बाजूचे आहेत असे आपण मानत होतो, आणि तरीही तो कौल आपण स्वीकारला. बेळगाव, कारवार, निपाणीच्या सीमालढ्यात आपण खेडे हा घटक, भौगोलिक सलगता आणि भाषिक बहुसंख्या यांच्या जोडीला लोकेच्छा हे तत्त्व सतत मांडत आलो आहोत. स्वतःच्या दाव्यासाठी लोकेच्छेचा आधार घेणाऱ्या समाजाने दूरच्या एका खडकाच्या बाबतीत तिला कमी लेखणे योग्य होणार नाही.

लोकेच्छा मान्य केली, म्हणजे ब्रिटनचे धोरण बरोबर ठरते का? तसे ठरत नाही, आणि त्याचे कारण त्या कुंपणाच्या इतिहासात आहे.

सार्वमतानंतर १९६९ मध्ये जिब्राल्टरला नवी राज्यघटना मिळाली. तिच्या प्रास्ताविकेत ब्रिटनने असे वचन दिले की, लोकांनी मुक्तपणे आणि लोकशाही मार्गाने व्यक्त केलेल्या इच्छेविरुद्ध त्यांना दुसऱ्या देशाच्या सार्वभौमत्वाखाली जावे लागेल, अशी कोणतीही व्यवस्था आपण करणार नाही. याला उत्तर म्हणून स्पेनचा हुकूमशहा जनरल फ्रँकोने जून १९६९ मध्ये सीमेचे फाटक बंद केले. पुढच्या काही महिन्यांत शेजारच्या आल्जेसिरास या स्पॅनिश बंदराची बोट थांबली आणि टेलिफोनच्या ताराही तोडल्या गेल्या. फ्रँकोचा हिशोब असा होता की, कोंडी केली की खडकावरचे लोक शरण येतील. लोक शरण आले नाहीत, उलट त्यांच्या मनातला स्पेन कायमचा परका झाला. खरी किंमत मोजली ती कुंपणाच्या पलीकडच्या ला लिनिया गावाने. तेथले साडेचार हजारांहून अधिक कामगार रोज जिब्राल्टरच्या गोदीत, दुकानांत आणि घरांत कामाला येत असत. त्यांच्या नोकऱ्या एका रात्रीत गेल्या, आणि हजारो कुटुंबे गाव सोडून स्पेनच्या अन्य भागांत आणि परदेशांत गेली. जिब्राल्टरने त्यांच्या जागी मोरोक्कोहून माणसे आणली. त्या मोरोक्कन कामगारांनाही पुढे अनेक वर्षे कायम वास्तव्याचा हक्क मिळाला नाही, ही या कहाणीतली फारशी न सांगितली जाणारी बाजू आहे. नातेवाईक कुंपणाच्या दोन्ही बाजूंना उभे राहून ओरडून एकमेकांची खुशाली विचारत, नवे मूल झाले तर ते दुरून उंचावून दाखवत. पायी जाणाऱ्यांसाठी फाटक उघडले ते डिसेंबर १९८२ मध्ये, आणि पूर्णपणे उघडायला फेब्रुवारी १९८५ उजाडले, म्हणजे स्पेन युरोपीय समुदायात शिरण्याच्या अवघे काही महिने आधी.

आपणही गोव्याच्या बाबतीत १९५५ नंतर असाच एक उपाय योजला होता. गोव्याची आर्थिक नाकेबंदी झाली, प्रवासावर आणि पैसे पाठवण्यावर निर्बंध आले. पोर्तुगीज सरकार त्यामुळे हलले नाही. मुंबईत नोकरी करून गावाकडे मनिऑर्डर करणाऱ्या गोवेकरांचे आणि त्यांच्या घरच्यांचे मात्र हाल झाले. आपला हेतू न्याय्य होता आणि फ्रँकोचा नव्हता, हा फरक मला मान्य आहे. तरीही सीमा बंद करणे हे शस्त्र कोणाच्याही हातात असले तरी त्याचा वार दोन्ही बाजूंच्या श्रमणाऱ्या माणसांवर होतो, हे दोन्ही उदाहरणांतून सारखेच दिसते.

१९८५ नंतर ब्रिटनने या शस्त्राला म्यान घालण्याचे काम स्वतः काही केले नाही, ते युरोपीय नियमांवर सोपवून दिले. दोन्ही देश एकाच समुदायाचे सदस्य असल्यामुळे स्पेनला फाटक बंद करता येत नव्हते, फार तर तपासणीच्या नावाखाली रांगा लांबवता येत होत्या. २०१३ मध्ये जिब्राल्टरने समुद्रात काँक्रीटचे ठोकळे टाकून कृत्रिम प्रवाळखडक तयार केला, तेव्हा मच्छिमारांच्या तक्रारीवरून स्पेनने तसेच केले आणि भर उन्हाळ्यात मोटारी तासन्‌तास अडकून पडल्या. युरोपीय आयोगाचे निरीक्षक आले, शिफारशी झाल्या आणि प्रकरण निवळले. लोकांना वाटू लागले की, फाटक बंद होण्याचे दिवस आता गेले. सार्वभौमत्वाचा प्रश्नही तोवर निकाली निघाल्यासारखा होता, कारण ब्रिटनचे तत्कालीन पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या सरकारने स्पेनबरोबर संयुक्त सार्वभौमत्वाची कल्पना पुढे रेटली तेव्हा नोव्हेंबर २००२ च्या सार्वमतात १७,९०० लोकांनी तिला नकार दिला होता आणि होकार देणारे फक्त १८७ निघाले होते.

मग २०१६ आले. युरोपीय संघातून बाहेर पडायचे की नाही, यावरच्या सार्वमतात जिब्राल्टरच्या लोकांनाही मत होते. त्यांच्यापैकी १९,३२२ जणांनी संघात राहण्याच्या बाजूने आणि ८२३ जणांनी बाहेर पडण्याच्या बाजूने मत दिले, म्हणजे जवळजवळ ९६ टक्के लोकांना राहायचे होते. पण ही मते सुमारे ३ कोटी ३५ लाख मतांच्या राशीत मिसळून मोजली गेली आणि तिथेच विरून गेली. ब्रिटनच्या संसदेत जिब्राल्टरचा एकही खासदार नाही. ज्या एका युरोपीय व्यवस्थेने ते फाटक उघडे ठेवले होते, ती व्यवस्था लंडनने मोडली. निकाल लागताच स्पेनच्या तत्कालीन परराष्ट्रमंत्र्यांनी संयुक्त सार्वभौमत्वाची मागणी पुन्हा पुढे केली. २०१७ मध्ये युरोपीय संघाने असे ठरवले की, ब्रिटनबरोबर होणारा पुढचा कोणताही करार स्पेनच्या संमतीशिवाय जिब्राल्टरला लागू होणार नाही. म्हणजे ज्यांनी एकमुखाने नको म्हटले होते, त्यांचीच सौदेबाजीतली बाजू सर्वांत दुबळी झाली.

येथे ब्रिटनच्या वचनातली फट स्पष्ट दिसते. तुमच्या मर्जीविरुद्ध झेंडा बदलणार नाही, असे ते वचन सांगते. तुमच्या मर्जीविरुद्ध तुमच्या घराबाहेरचा रस्ता बंद होणार नाही, असे ते सांगत नाही. रोज सुमारे पंधरा हजार माणसे ही सीमा ओलांडून जिब्राल्टरमध्ये कामाला येतात, म्हणजे तेथल्या एकूण कामगारांपैकी जवळजवळ निम्मी. इस्पितळातल्या परिचारिका, उपाहारगृहातले वाढपी, ऑनलाइन जुगाराच्या कंपन्यांतले कर्मचारी, बांधकामावरचे गवंडी यांत आले. अशा गावासाठी सीमा हा परराष्ट्र धोरणाचा विषय आहे तेवढाच तो दळणवळणाचा आणि पोटाचा विषय आहे, आणि ज्या सरकारला तो पोटाचा विषय वाटला असता, त्याने २०१६ पूर्वीच सीमेचे काय करायचे याची तयारी केली असती.

लोकेच्छेचे तत्त्व ब्रिटन जेथे सोयीचे असेल तेथेच पाळतो, हेही स्पष्ट बोलले पाहिजे. १९८४ मध्ये हाँगकाँगच्या पन्नास लाखांहून अधिक लोकांचे भवितव्य चीनशी वाटाघाटी करून ठरवताना कोणतेही सार्वमत घेण्यात आले नाही. हिंदी महासागरातल्या चागोस बेटांची गोष्ट तर याहून लाजिरवाणी आहे. मॉरिशस स्वतंत्र होण्याआधी, १९६५ मध्ये, ही बेटे त्याच्यापासून तोडण्यात आली, त्यांतल्या दिएगो गार्सिया बेटावर अमेरिकेला लष्करी तळ उभारता यावा म्हणून १९७३ पर्यंत तेथल्या दीड-दोन हजार रहिवाशांना हुसकावून लावण्यात आले आणि मॉरिशस व सेशेल्सच्या बंदरांवर नेऊन सोडण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे विभाजन बेकायदेशीर ठरवले. मराठी भाषकांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती असलेल्या मॉरिशसशी ब्रिटनने अखेर मे २०२५ मध्ये करार केला, दिएगो गार्सियाचा तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने राखून ठेवला. त्या वाटाघाटींच्या मेजावर चागोसवासीयांना स्वतःची खुर्ची नव्हती. जिब्राल्टरमध्ये लोकांची इच्छा सर्वोच्च आणि चागोसमध्ये ती विचारण्याजोगीही नाही, असे म्हणणाऱ्या सरकारचे तत्त्व कोणी गंभीरपणे घ्यावे, अशी अपेक्षा त्याला करता येणार नाही. स्पेनची बाजूही याबाबतीत निष्कलंक नाही. मोरोक्कोच्या किनाऱ्यावरील सेउता आणि मेलिया ही शहरे स्पेनकडे आहेत, मोरोक्को त्यांवर हक्क सांगतो, आणि तेथे स्पेन इतिहास व रहिवाशांची इच्छा हेच युक्तिवाद मांडतो, जे जिब्राल्टरमध्ये त्याला अमान्य आहेत.

या पार्श्वभूमीवर ११ जून २०२५ रोजी ब्रिटन, युरोपीय संघ, स्पेन आणि जिब्राल्टर यांच्यात झालेल्या राजकीय समझोत्याकडे मी आशेने पाहतो. त्याचा गाभा असा की, जमिनीवरच्या सीमेवरील तपासणी आणि अडथळे काढून टाकायचे, त्याऐवजी जिब्राल्टरच्या विमानतळावर आणि बंदरात दुहेरी तपासणी करायची: आधी जिब्राल्टरचे अधिकारी आणि त्यांच्यामागे शेंगेन क्षेत्राच्या (आपसातल्या सीमांवर तपासणी न करणाऱ्या युरोपीय देशांच्या) वतीने स्पेनचे अधिकारी. सार्वभौमत्वाबाबत दोन्ही देशांच्या भूमिकांना यामुळे बाधा येणार नाही, असे त्यात नमूद करण्याचे ठरले. ब्रिटनमधल्या काही राजकारण्यांनी याला शरणागती म्हटले. ब्रिटिश भूमीवर स्पॅनिश पोलीस ब्रिटिश नागरिकाला अडवणार, हे त्यांना सहन होत नाही. परंतु लंडनच्या सेंट पँक्रास स्थानकात पॅरिसच्या गाडीत बसणाऱ्या प्रवाशाची तपासणी फ्रेंच अधिकारी वर्षानुवर्षे करत आले आहेत, आणि त्यामुळे लंडनवर फ्रान्सचे राज्य आले, असे कोणी मानत नाही. शिवाय ज्यांना ही व्यवस्था नको आहे, त्यांनी पंधरा हजार कामगारांनी रोज पहाटे पासपोर्टवर शिक्का मारून घेण्यासाठी किती वेळ रांगेत उभे राहावे, याचेही उत्तर दिले पाहिजे. जिब्राल्टरचे मुख्यमंत्री फाबियन पिकार्डो यांनी हा समझोता केला तो सार्वभौमत्वाचा प्रश्न बाजूला ठेवून, आणि माझ्या मते हेच शहाणपणाचे होते.

स्पेनच्या तक्रारींतही तथ्य आहे आणि जिब्राल्टरच्या मित्रांनी ते नाकारू नये. खडकावर कर कमी, तंबाखू स्वस्त, आणि कुंपणाच्या पलीकडे ला लिनियामध्ये स्पेनमधल्या सर्वाधिक बेरोजगारीपैकी एक. अशा ठिकाणी सिगारेटची तस्करी हा तरुणांचा धंदा बनला, तर त्याला केवळ पोलिसांचे अपयश म्हणून चालणार नाही. समझोत्यानुसार जिब्राल्टरने वस्तूंवर १५ टक्क्यांपासून सुरू होऊन १७ टक्क्यांपर्यंत जाणारा व्यवहार कर लावायचा आहे. मेन स्ट्रीट या जिब्राल्टरच्या मुख्य बाजारपेठेतल्या दुकानदारांना, त्यांत पिढ्यान्‌पिढ्या तेथे व्यापार करणाऱ्या सिंधी कुटुंबांनाही, तो जाचक वाटणार. त्यांची काळजी मला पटते, तरी करातली ही दरी जितकी खोल राहील तितका सीमा पुन्हा आवळण्याचा मोह माद्रिदमधल्या पुढच्या सरकारांना होत राहील.

मला धास्ती वाटते ती याचीच. करार सरकारे करतात आणि सरकारे बदलतात. उद्या माद्रिदमध्ये राष्ट्रवादाच्या लाटेवर आलेले मंत्रिमंडळ किंवा लंडनमध्ये युरोपशी कसलाही संबंध नको म्हणणारे मंत्रिमंडळ या व्यवस्थेतून बाहेर पडू शकते, आणि तसे झाले तर निर्णय पुन्हा एकदा त्या दोन राजधान्यांत होईल, जेथून ते कुंपण दिसतही नाही. म्हणून ब्रिटनने १९६९ मध्ये सार्वभौमत्वाबाबत जे वचन राज्यघटनेच्या प्रास्ताविकेत लिहिले, तसेच वचन सीमेबाबत कायद्यात लिहावे. जिब्राल्टरच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय लंडन या सीमाव्यवस्थेतून माघार घेणार नाही, असे ते असावे. स्पेनने आपल्या बाजूने ला लिनियाच्या नगरपालिकेला आणि सीमा ओलांडून कामाला जाणाऱ्यांच्या संघटनांना व्यवस्थेवर देखरेख करणाऱ्या समितीत मतासह जागा द्यावी. तसे केल्याने कोणाचाही सार्वभौमत्वाचा दावा सोडला जात नाही, आणि फाटकावरचा अधिकार ज्यांचा दिवस त्या फाटकातून सुरू होतो त्यांच्याकडे थोडा तरी सरकतो.

या कामगारांसाठी आणखी एक तरतूद पहिल्याच दिवशी व्हायला हवी. १९६९ मध्ये नोकरी गमावलेल्या स्पॅनिश कामगारांच्या निवृत्तिवेतनाचा प्रश्न सुटला तो ब्रिटन, स्पेन आणि जिब्राल्टर यांच्यातल्या २००६ च्या कोर्दोबा करारात, म्हणजे ३७ वर्षांनी, आणि तोवर त्यांच्यातले बरेच जण या जगात राहिले नव्हते. सीमेवरची व्यवस्था कोणत्याही कारणाने कोलमडली, तर वेतन, निवृत्तिवेतन आणि वैद्यकीय विम्याचा भार कोणते सरकार किती प्रमाणात उचलणार, हे रकमेसकट आणि मुदतीसकट आधीच लिहून ठेवले पाहिजे. त्यासाठीचा निधी ब्रिटन आणि स्पेन यांनी समसमान भरावा, आणि जिब्राल्टरच्या करातून त्यात दरवर्षी भर पडावी.